पश्चिमेची भिंत

पुण्यात गोळीबार मैदानावर ईदच्या सकाळी जी नमाज होते तिला छत लागत नाही, दरवाजा लागत नाही, खांबही लागत नाहीत. पश्चिमेला एक भिंत असते, तिच्यासमोर मोकळी जमीन असते आणि त्या जमिनीवर भिंतीला समांतर अशा माणसांच्या रांगा लागतात. मशिदीच्या रचनेतून जे जे वगळता येईल ते सारे वगळत गेले तर अखेर एवढेच शिल्लक राहते: दिशा दाखवणारी भिंत आणि तिच्यापुढची स्वच्छ जागा. घुमट, मिनार, कमानी आणि नक्षी हे सगळे नंतरचे. ते त्या त्या मुलखाच्या हवामानाने, राजांच्या ऐपतीने आणि गवंड्यांच्या हातांनी आणले. मदिनेतली पैगंबरांची मशीदसुद्धा कच्च्या विटांच्या भिंती, खजुराच्या बुंध्यांचे खांब, त्यांवर झावळ्यांचे छप्पर आणि बाकी सारे उघडे अंगण अशीच होती.

२०२० साली रमजान ईद २५ मे रोजी आली आणि गोळीबार मैदान रिकामे राहिले. आमच्या घरात अब्बांनी दिवाणखान्यातले टेबल भिंतीला सरकवून जागा केली, पुढे ते उभे राहिले आणि मागच्या रांगेत अम्मी आणि मी. त्याच वर्षी आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. राज्यातली प्रार्थनास्थळे मार्चमध्ये बंद झाली ती दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली; दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. या सगळ्या काळात ती उघडावीत की नाहीत यावर आपण कडाडून भांडलो, पण त्या इमारतींच्या आत हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे फार थोड्यांनी विचारले. मी वास्तुविशारद आहे, मशिदीच्या सावलीत वाढलेली आहे आणि मला तोच प्रश्न विचारायचा आहे. मशिदीपुरताच विचारते आहे, कारण ती इमारत मला जवळून ठाऊक आहे.

मशिदी बंद ठेवण्यासाठी धर्मात आधार शोधत फिरावे लागले नाही, हे आधी सांगायला हवे. मुसळधार पावसाच्या एका दिवशी पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी मुअज्जिनला अजानमध्ये ‘नमाजला या’ ऐवजी ‘आपापल्या घरी नमाज पढा’ असे पुकारायला सांगितले होते. मार्च २०२० मध्ये कुवेतच्या मशिदींवरून जे शब्द ऐकू आले आणि ज्यांच्या ध्वनिफिती आपल्याही फोनवर येऊन पोहोचल्या, ते तेच शब्द होते. साथ असलेल्या गावात जाऊ नका आणि तुमच्या गावात साथ आली तर तिथून बाहेर पडू नका, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, तर आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. इसवी सन ६३८-३९ च्या सुमारास सीरियात अमवासची प्लेगची साथ आली, तेव्हा खलिफा उमर वाटेतूनच मदिनेला परतले. ‘अल्लाहने ठरवलेल्यापासून पळता का?’ असे त्यांना विचारले गेले, तेव्हा अल्लाहने ठरवलेल्या एका गोष्टीकडून त्यानेच ठरवलेल्या दुसऱ्या गोष्टीकडे आपण जात आहोत, असे उत्तर त्यांनी दिले. त्या साथीत सेनापती अबू उबैदा गेले, आणि पुढे अम्र इब्न अल-आस यांनी लोकांना वस्ती सोडून डोंगरांवर पांगायला सांगितले. माणसे पांगवा आणि उघड्यावर न्या, हा उपाय इतका जुना आहे.

पुण्यालाही तो माहीत होता. १८९७ च्या प्लेगात पेठा ओस पडल्या आणि लोक गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहिले. त्या वर्षीच्या घरझडत्या आणि विलगीकरणाच्या छावण्या यांमुळे रँडचे नाव पुण्याच्या स्मरणात कायमचे कडवट होऊन बसले. पण त्याच वर्षी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, उघड्या रानात, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत रुग्णांची शुश्रूषा करत होते. तिथेच सावित्रीबाईंना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सरकारी छावणी आणि हा मळा या दोन्ही ठिकाणी रुग्ण मोकळ्यावरच आणले जात होते, फरक होता तो त्यांना कोण आणि कसे आणत होते याचा. आरोग्याचा कुठलाही उपाय लोकांच्या गळी उतरायचा असेल तर तो त्यांच्या विश्वासाच्या माणसाच्या हातून आणि विश्वासाच्या जागेत व्हावा लागतो, ही गोष्ट मला पुढे मशिदीत काम करताना फार उपयोगी पडली.

आपल्या साथीत मात्र सुरुवातीचे कित्येक महिने आपण हवेकडे पाहिलेच नाही. हा विषाणू हवेतून पसरत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० च्या अखेरीस ठामपणे सांगितले होते. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून, बोलताना आणि श्वास सोडताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि त्यांतून लागण होते, हे मान्य करा असे कळवळून सांगितले. तोपर्यंत सगळा भर पृष्ठभागांवर होता. जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रार्थनास्थळांसाठी जी नियमावली काढली, तिच्यात सामाईक चटया टाळून प्रत्येकाने स्वतःची आणावी असे होते, समूहगायन नको असे होते आणि हवा खेळती ठेवा असेही होते. पहिले वाक्य सगळ्यांनी पाळले आणि शेवटचे फारसे कोणी वाचले नाही. मशिदीतली सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली, दाराशी टोपलीत ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीदार टोप्या उचलल्या गेल्या, वजूच्या, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याच्या, हौजावर फळ्या टाकल्या गेल्या आणि फरशीवर रोज हायपोक्लोराइट या जंतुनाशकाची फवारणी होऊ लागली. खिडक्या मात्र बंदच होत्या, कारण उघड्या खिडक्यांतून फवारणीचा वास शेजारी जातो अशी तक्रार होती.

हौजाबद्दल दोन शब्द. इस्लामी धर्मशास्त्राच्या हनफी परंपरेत किमान दहा हात लांब आणि दहा हात रुंद अशा हौजाचे पाणी ‘मोठे पाणी’ मानतात आणि थोड्याफार वापराने ते बाटत नाही असे धरतात. पटकीच्या शतकात साचलेल्या पाण्याबद्दल जे कळले ते कळल्यानंतर वाहत्या तोट्या केव्हाही बऱ्या. त्यामुळे हौज बंद झाल्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. मशिदी उघडल्यावर घरूनच वजू करून यायची लोकांना सवय झाली, आणि ती सवय चांगली आहे.

याच काळात दिल्लीतल्या निजामुद्दीनच्या मरकजचे, म्हणजे तबलिगी जमात या धर्मप्रचारक संघटनेच्या मुख्यालयाचे, प्रकरण घडले आणि एका बंदिस्त, अनेक मजली इमारतीत झालेल्या लागणीचा दोष एका समाजाच्या कपाळी आला. भाजीवाल्याला नाव विचारून मग भाजी घेतली जात होती, ते दिवस मी पाहिले आहेत. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे स्पष्ट शब्दांत म्हटले. मला इथे वास्तुविशारद म्हणून बोलायचे आहे. त्याच मार्च महिन्याच्या दहा तारखेला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाचे ६१ जण बंद हॉलमध्ये सरावाला बसले, आणि त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली, दोघे गेले. ती माणसे ख्रिस्ती की मुसलमान हे विषाणूला कळत नव्हते. किती माणसे, किती वेळ, किती मोठ्याने बोलत किंवा गात, आणि किती हवेत, एवढेच त्याच्यापुरते खरे होते.

म्हणून हवेचा हिशेब मांडून पाहू. जमातीत, म्हणजे सामूहिक नमाजेत, खांद्याला खांदा लावून उभे राहायचे असते. एका माणसाला साधारण दोन फूट रुंद आणि चार फूट लांब, म्हणजे आठ चौरस फूट जागा लागते. नाट्यगृहात खुर्च्या असतात, वर्गात बाक असतात, मार्गिका असतात. भरलेल्या मशिदीत यांतले काही नसते, त्यामुळे दाटीच्या बाबतीत तिची बरोबरी फार थोड्या इमारती करतात. स्लॅब दहा फुटांवर असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशी घनफूट, म्हणजे सव्वादोन घनमीटरच्या आसपास हवा येते. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे, २०२१ मध्ये, रुग्णालयाव्यतिरिक्तच्या जागांसाठी माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा असावी असे सुचवले. तासाला ती ३६ घनमीटर भरते. याचा अर्थ दहा फूट उंचीच्या भरलेल्या हॉलमधली सगळी हवा तासाला सोळा वेळा, म्हणजे चार मिनिटांच्या आत एकदा, बदलली पाहिजे. छत वीस फुटांवर नेले की हेच काम आठ वेळांत भागते. भिंतीवरचा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत सोडतो, म्हणजे त्याने शून्य वेळा बदलते. पूर्ण बंद हॉलमध्ये खुतबा, म्हणजे प्रवचन, आणि नमाज मिळून अर्धा तास गेला तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या हिशेबाने बाहेरच्या हवेपेक्षा दशलक्षात चार हजार भागांच्या आसपास वर चढतो. बाहेरच्या हवेत तो दशलक्षात ४२० भागांच्या जवळपास असतो. प्रत्यक्षात तो तितका चढत नाही, कारण दारांच्या फटी आहेत आणि चपला काढायला-घालायला माणसे येत-जात असतात. फटींच्या भरवशावर इमारत बांधणे मात्र मला मान्य नाही.

एक गोष्ट नमाजच्या बाजूने आहे, तिची कोणी फारशी दखल घेतली नाही. जमातीत मोठ्याने पठण करतो तो एकटा इमाम. मागे उभे असलेले शेकडो लोक ओठांतल्या ओठांत म्हणतात, आणि दुपारच्या दोन्ही नमाजांत तर इमामही मनातच म्हणतो. गाण्याने आणि मोठ्या आवाजाने जितके कण हवेत जातात त्याच्या कितीतरी कमी शांत श्वासाने जातात. तेव्हा इमामाने मास्क लावला, जवळ ध्वनिक्षेपक ठेवून आवाज बेताचा ठेवला, आणि हॉल खरोखर हवेशीर असला, तर मशीद ही तशी धोक्याची जागा राहत नाही. अट शेवटची आहे, आणि तीच आपण पूर्ण केली नाही.

जुन्या मशिदी ती अट पाळतात, हे विद्यार्थिदशेत गुलबर्ग्याच्या किल्ल्यात गेलो तेव्हा पहिल्यांदा मला अंगावर जाणवले. बहामनी काळातली, १३६७ सालची ती जामा मशीद वेगळी आहे, कारण तिला अंगणच नाही. सुमारे ३८,००० चौरस फुटांची सगळी जागा घुमटांनी झाकलेली आहे. इतके क्षेत्र छताखाली घेतल्यावर मध्यभागी कोंदटपणा यायला हवा. पण तिच्या तीन बाजूंना बुटक्या खांबांवर पेललेल्या रुंद कमानी आहेत, त्या जमिनीपासून उघड्या आहेत आणि पश्चिमेच्या बाजूच्या मोठ्या घुमटाखालच्या झरोक्यांतून उजेड येतो आणि उष्ण हवा निघून जाते. मे महिन्याच्या दुपारी आमच्या पाठीवरचा घाम तिथे वाळला होता. इस्तंबूलमध्ये १५५७ साली पुरी झालेल्या सुलेमानिये मशिदीत सिनान या वास्तुकाराने तर हवेचा ओघ असा साधला की हजारो दिव्यांची काजळी दरवाजावरच्या एका खोलीत ओढली जाई आणि तिची शाई करत. या माणसांना जंतू ठाऊक नव्हते, पण उकाडा, धूर आणि गर्दी ठाऊक होती आणि त्यांवर त्यांनी इमारतीच्या आकाराने तोडगा काढला. पेठांमधल्या वाड्यांचा चौक ज्या शहाणपणातून आला, त्याच शहाणपणातून मशिदीचे सहन, म्हणजे अंगण, आले. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत मोजमाप करून २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याला आकड्यांचा आधार मिळाला. दारे-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलत होती, यंत्रावर चालणाऱ्या विलगीकरण कक्षांत १२ वेळा. आणि १९५० पूर्वीच्या, उंच छतांच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींमध्ये तोच आकडा ४० वर जात होता.

आता पुण्याची अडचण. मक्का इथून पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून आहे, आणि पुण्यात उन्हाळ्याच्या उत्तरार्धापासून पावसाळा संपेपर्यंत वाराही पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे ज्या भिंतीत आपण एकही भोक ठेवत नाही, नेमकी तीच भिंत वाऱ्याच्या तोंडावर उभी असते. उत्तर-दक्षिण भिंतींना शेजारच्या इमारती टेकलेल्या, पूर्वेला पायऱ्या आणि दुकानगाळे. अशा हॉलमध्ये पंखे कितीही फिरले तरी ते आतलीच हवा घुसळत राहतात. पूर्वीच्या मशिदींना पूर्वेला मोठे अंगण असे, त्यामुळे पश्चिमेची भिंत आंधळी असली तरी चालत होते. अंगणावर स्लॅब पडला आणि तो समतोल मोडला. याला उत्तर आपल्या शेजारच्या राज्यात साडेचारशे वर्षे उभे आहे. अहमदाबादची सिदी सय्यदची जाळी चित्रांतून सगळ्यांनी पाहिलेली असते. ती झाडाच्या फांद्यांची नाजूक नक्षी मशिदीच्या पश्चिमेकडच्या, म्हणजे किब्ल्याच्याच (मक्केच्या दिशेच्या) भिंतीतल्या कमानींमध्ये आहे, हे मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. नमाजींच्या डोक्यावरून वारा आत येतो आणि समोरच्या मोकळ्या कमानींतून अंगणात निघून जातो. १५७२-७३ च्या सुमारास कोणीतरी दगडात हा प्रश्न सोडवून ठेवला आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये मशिदी उघडायचे ठरले तेव्हा कॅम्पातल्या एका मशिदीच्या विश्वस्तांनी मला बोलावले. फरशीवर सहा-सहा फुटांच्या खुणा कशा आखाव्यात एवढेच त्यांना विचारायचे होते. ही मशीद मूळची कौलारू, पुढे फरसबंद अंगण असलेली. वस्ती वाढली तशी अंगणावर स्लॅब पडला आणि वर दोन मजले चढले. दोन नमाजांच्या मधल्या रिकाम्या वेळात मी तिथे गेले, बरोबर उदबत्तीचा पुडा नेला होता. उदबत्तीचा धूर हे हवेची वाट पाहण्याचे सर्वांत स्वस्त आणि खरे साधन आहे. दक्षिणेच्या खिडकीशी धरली तर धूर सरळ उभा चढला आणि छताखाली पसरून तिथेच राहिला. पंखे लावायला सांगितले, तर तो जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. मिहराबपाशी, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीतल्या कोनाड्यापाशी, तेच. मग मी जिन्याकडे गेले, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताच धूर आडवा झाला आणि भराभर वर ओढला गेला. जिन्याच्या माथ्यावर गच्चीचा लोखंडी दरवाजा होता. त्याला कुलूप होते, तरी त्याच्या खालच्या बोटभर फटीतून सगळ्या इमारतीची उष्ण हवा बाहेर पडायला धडपडत होती. मुतवल्ली, म्हणजे मशिदीचे कारभारी, हाजीसाहेब माझ्या मागे उभे होते. “बेटा, म्हणजे ही मशीद जिन्यातून श्वास घेते तर,” ते म्हणाले, आणि किल्ली आणायला त्यांनी तिथल्या तिथे माणूस पाठवला.

गच्चीचा दरवाजा काढून तिथे जाळीचा दरवाजा बसला. खिडक्यांच्या काचा उतरल्या. पश्चिमेच्या भिंतीमागे तीन-साडेतीन फुटांचा बोळ होता, तेव्हा दहा फुटांच्या वर त्या भिंतीत ओळीने झरोके काढता येतील, असे मी सुचवले. तिथे सगळे थबकले. किब्ल्याच्या भिंतीला छिद्र पाडायचे, ही कल्पना अनेकांना सहन होईना, आणि त्यांचे मन मला कळत होते. पेशइमामांनी मात्र शांतपणे सांगितले की नमाजीच्या नजरेसमोर लक्ष विचलित करणारे काही नसावे एवढीच काळजी घ्यायची. सजद्याच्या, म्हणजे कपाळ टेकवायच्या, जागेवर नजर असणाऱ्याला डोक्याच्या कितीतरी वर असलेल्या जाळीचा कसला त्रास? त्यांच्या त्या एका वाक्याने जे झाले ते माझ्या दहा नकाशांनी झाले नसते. तरी निधी नसल्याने झरोके राहिले ते राहिलेच.

याच भेटीत मी पोटमाळ्यावर गेले. काही मशिदींत बायकांना नमाजसाठी जागा असते. बऱ्याच ठिकाणी ती नसतेच, आणि बायकांच्या मशीदप्रवेशासाठी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेले दांपत्य आपल्या पुण्याचेच. जिथे जागा असते तिथे ती बहुधा अशा पोटमाळ्यावर, पडद्याआड असते. खालच्या शेकडो माणसांच्या श्वासाची उष्ण हवा वर चढून स्लॅबखाली जिथे साठते, नेमकी तिथे. माझ्या उदबत्तीचा धूरही तिथेच जाऊन बसला होता. साथीच्या काळात घरी नमाज पढताना मी अब्बांच्या मागे, उघड्या खिडकीशेजारी उभी होते आणि आरोग्याच्या दृष्टीने ती जागा कुठल्याही पोटमाळ्यापेक्षा चांगली होती. बायकांना जागा द्यायची असेल तर ती तळमजल्यावर, अंगणाच्या बाजूला, बाहेरच्या हवेशी जोडलेली द्या, हा माझा आग्रह आहे, आणि तो मी जिथे जाईन तिथे धरते.

मशिदीच्या मोकळेपणाचा आणखी एक उपयोग या साथीत दिसला. आत फर्निचर नाही, कायमची मांडणी नाही, वजूसाठी नळ आहेत, शौचालये आहेत. म्हणजे खाटा टाकल्या की कक्ष तयार. २०२० च्या उन्हाळ्यात पुण्याच्या आझम कॅम्पसमधल्या मशिदीचा पहिला मजला विलगीकरणासाठी प्रशासनाला देऊ केला गेला, तिथे सुमारे ८० जणांची सोय होती. भवानी पेठेसारख्या दाट वस्तीत, जिथे दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सात माणसे राहतात, तिथल्या माणसाला ‘घरात वेगळे राहा’ हा सल्ला काय कामाचा? त्याला वेगळी, हवेशीर आणि ओळखीची जागा हवी होती. भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत ऑक्सिजनची सोय झाली, आणि इचलकरंजीत मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये गोळा करून तिथल्या शासकीय रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभा करून दिला. यात नवे काही नव्हते. ६२७ सालच्या खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद इब्न मुआज यांच्यासाठी मदिनेच्या मशिदीतच तंबू उभारला गेला, आणि तिथे रुग्णांची शुश्रूषा करणारी रुफैदा ही बाई होती. तुर्कस्तानात दिवरिगीला १२२८-२९ च्या सुमाराची एक इमारत आहे, तिच्यात मशीद आणि रुग्णालय एकाच छताखाली भिंतीला भिंत लावून बांधले आहेत. मशीद अहमद शाहने बांधवली, रुग्णालय तुरान मलिक या राजघराण्यातल्या स्त्रीने. आज ती जागतिक वारसा आहे. पुण्यात नवी मशीद बांधताना तळमजल्यावर एक असा हॉल ठेवावा, ज्याला स्वतंत्र दार आहे, स्वतंत्र स्वच्छतागृह आहे, दोन समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या आहेत आणि रुग्णवाहिका दारापर्यंत येऊ शकते. एरवी तिथे मुलांची अभ्यासिका चालेल, दवाखाना चालेल, रक्तदान शिबिर होईल. पार्किंगसाठी जागा सोडतोच ना आपण? तेवढीच ही मागणी आहे.

साथ ओसरली आणि सगळे पूर्वपदावर आले. १७ ऑक्टोबर २०२१ पासून मक्केच्या मशिदीत रांगा पुन्हा खांद्याला खांदा लावून उभ्या राहू लागल्या, आणि ते पाहून माझ्याही डोळ्यांत पाणी आले. आमच्या कॅम्पातल्या मशिदीत फरशीवरच्या खुणा पुसल्या गेल्या, सतरंजी परत आली. मग एका सद्गृहस्थांनी दिवंगत वडिलांच्या नावाने, त्यांना सवाब, म्हणजे पुण्य, पोहोचावा म्हणून, हॉलसाठी एसी दिले. त्यांचा हेतू निर्मळ आहे, मे महिन्यातली जुम्म्याची नमाज वृद्धांना किती जड जाते हे मलाही दिसते. पण एसी बसले आणि खिडक्यांना काचा परतल्या, त्यांच्या कडा सिलिकॉनने बुजल्या आणि थंड हवा निघून जाते म्हणून जिन्याच्या माथ्यावरचा जाळीचा दरवाजा पत्र्याने झाकला गेला. हिवाळ्यात अर्ध्या रांगा खोकत असतात. क्षय आपल्या शहरातून गेलेला नाही, आणि तो तर हवेतूनच पसरतो हे कित्येक दशके सगळ्यांना ठाऊक आहे.

मी हाजीसाहेबांकडे परत गेले आणि त्यांना विचारले, “चाचा, वडिलांच्या नावाने एसी देता येतो, तशी जाळी का देता येऊ नये?” एसीचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे, विजेचे बिल दर महिन्याला ट्रस्टच्या डोक्यावर, दगडी जाळीला वीज लागत नाही आणि ती नातवंडांच्या नातवंडांना पुरते. त्यांना ते पटले. त्यांनी मला सहा झरोक्यांचा नकाशा आणि खर्चाचा अंदाज मागितला. नकाशात मी पश्चिमेच्या भिंतीत दहा फुटांच्या वर सहा जाळ्या दाखवल्या आहेत, पावसाची झड आत येऊ नये म्हणून बाहेरून सज्जा आणि डासांसाठी बारीक जाळी दिली आहे, जिन्याच्या माथ्यावर चारी बाजूंनी उघडी अशी छोटी छत्री घेतली आहे, आणि एसी चालू असतानाही बाहेरची हवा आत घेणारे दोन पंखे सुचवले आहेत, म्हणजे कोणाच्या वडिलांची आठवण काढून टाकावी लागणार नाही. पोटमाळ्यावरची जागा खाली, पूर्वेच्या दारालगत आणली आहे. विश्वस्तांची बैठक येत्या शुक्रवारी असरनंतर, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजनंतर, आहे. मंजुरी मिळाली तर भिंतीचे काम चैत्रातच उरकावे लागेल, कारण वैशाखात दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटू लागतो.